चेक टूच्या डोक्यावरची टीप

ऑफिसात तिला सगळे टीपताई म्हणायचे. खरं नाव पगाराच्या पावतीवर होतं, आणि तिथून ते कधी बाहेर पडलं नाही. तिचं काम म्हणजे, कोणी कोडचा तुकडा लिहिला की त्याच्या मानगुटीवर बसायचं, "हे काय करतं?" असं विचारायचं आणि तो जे सांगेल ते दोन साध्या ओळींत त्या तुकड्याच्या डोक्यावर लिहून घ्यायचं. या दोन ओळी म्हणजे टीप. रोज सकाळी एक प्रोग्रॅम सगळा कोड चाळायचा, प्रत्येक फंक्शनच्या, म्हणजे तुकड्याच्या, डोक्यावरची टीप उचलायचा आणि तिचं नीटनेटकं पान करून ठेवायचा. बाहेरच्या कंपन्यांनी ही पानं वाचायची आणि त्याप्रमाणे आपले प्रोग्रॅम टीपताईच्या कंपनीच्या प्रोग्रॅमला जोडायचे. या सगळ्या पसाऱ्याला एपीआय डॉक्युमेंटेशन असं भारदस्त नाव होतं. टीपताई त्याला नुसतं 'पानं' म्हणायची. एखाद्या फंक्शनला टीपच नसेल, तर प्रोग्रॅम बिचारा काय करणार? वर नाव छापायचा आणि खाली पांढरंफटक सोडून द्यायचा.

कंपनीचा धंदा औषधांच्या फ्रीजचा. फ्रीज बनवायचे नाहीत, त्यांच्यावर नजर ठेवायची. दवाखान्यांतल्या फ्रीजमध्ये लसी असतात, इन्सुलिन असतं. आतलं तापमान वर गेलं की कंपनीच्या प्रोग्रॅमने बोंब ठोकायची. या प्रोग्रॅमचा गाभा लिहिला होता दादाने. दादा म्हणजे अख्ख्या ऑफिसचा दादा, आणि टीपताईचा सख्खा थोरला भाऊ.

दादाला काहीही विचारा, तो सांगायचा. सांगायचा म्हणजे काय, खुर्चीवरून उठून करून दाखवायचा. फ्रीजची मोटर कशी कण्हते, दवाखान्यातली नर्स दार कसं पायाने लोटते, सेन्सर कसा आळसावतो. बघणाऱ्यांचा चहा गार व्हायचा. पण लिहायला सांगितलं, की याच्या बोटांना पेटके.

"दादा, टीप."

"अगं चिमटे, लिहायचं कशाला? मी आहे ना!"

"तू उद्या नसलास तर?"

"का, कुठे पाठवतेस मला?"

एकदा चिडून तिने एक मोठा कागद छापला, प्लास्टिकमध्ये घातला आणि दादाच्या डोळ्यांसमोरच्या भिंतीवर चिकटवला. 'टीप नाही, तर फंक्शन नाही. बिनटिपेचा कोड उडवला जाईल.' उडवणार कोण होतं? कोणीच नाही. दादाला धाक बसावा एवढाच हेतू. दुसऱ्या दिवशी त्या कागदावर, मजकुराखाली, एक चेहरा आला. मिशांवाला. चेहरा टीपताईचा होता.

मग दादा पडला. दाढी करता करता, न्हाणीघरात. मेंदूत गुठळी झाली. उजवा हात आणि उजवा पाय गेला, आणि वाचा गेली. वाचा अगदीच गेली असं नाही. दोन शब्द मागे राहिले. "आहे ना." तहान लागली तरी "आहे ना". पाठ दुखली तरी "आहे ना". डॉक्टरांनी विचारलं, "आपलं नाव काय?" दादा म्हणाला, "आहे ना," आणि वहिनी दाराबाहेर जाऊन पदराने तोंड दाबून हसली की रडली, ते कोणालाच कळलं नाही. बहुतेक दोन्ही.

दादाच्या जागी जो साहेब आला, त्याला आठवड्याच्या आत नाव पडलं. बेसिकली. "बेसिकली, गुड मॉर्निंग," इथून सुरुवात. माणूस वाईट नव्हता. त्याला फक्त मोकळी जागा बघवत नव्हती. टेबलावर, भिंतीवर, पानांवर, कुठेच.

सोमवारी एका मोठ्या दवाखान्याची माणसं पानं तपासायला येणार होती. बेसिकलीने आधीच्या मंगळवारी सगळी पानं पडद्यावर सरकवली आणि एके ठिकाणी थांबला. वर नाव होतं, 'चेक टू'. खाली पांढरं. पुढच्या पानावर आणखी एक नाव, खाली पांढरं. त्यापुढेही तेच. दादाची सगळी फंक्शनं एका ओळीत, वरात निघाल्यासारखी, डोक्यावर काही न घालता.

"ताई, बेसिकली हे काय आहे?"

"दादाची आहेत. टिपा नाहीत."

"मग बेसिकली डेड कोड."

"डेड कसा? चालतोय ना."

"चालतोय, पण का चालतोय, हे कोणाला माहीत आहे?"

बेसिकलीने भिंतीकडे बोट केलं. प्लास्टिकमधला कागद अजून तिथेच होता, मिशांसकट. "तुमचाच नियम ना, ताई? मला तर फार आवडला. शुक्रवारी संध्याकाळी जे पान रिकामं, ते फंक्शन आऊट. चेक टूपासून सुरुवात करू. बघा ना, ते काय करतंय."

ते काय करतं हे हेडफोनने वाचून दाखवलं. हेडफोन हा तिथला सगळ्यात हुशार प्रोग्रॅमर. त्याच्याशी बोलायचं असेल तर आधी खांदा हलवायचा, मग एक कान उघडा व्हायचा, दुसरा गाण्यालाच राहायचा.

"लाइट गेली आणि आली, की हे जागं होतं," हेडफोन म्हणाला. "फ्रीजला विचारतं, तापमान किती? फ्रीज सांगतो. हे ते उत्तर फेकून देतं. थोडा वेळ थांबतं. परत विचारतं, तापमान किती?"

"का?"

"दादांना डुलकी लागली असेल."

"हसू नकोस."

"नाही हसत. मी काढून बघितलं, ताई. सगळ्या चाचण्या पास. कोणाला फरक पडत नाही. उलट लाइट आल्या आल्या उत्तर पटकन मिळतं. मला सांगितलं की उडवतो." त्याने दुसरा कानही झाकला.

दादाला टीपताईने आयुष्यभर ओळखलं होतं. आळशी, हो. विसरभोळा, हो. चपला दोन वेगवेगळ्या घालून लग्नाला जाणारा, तेही हो. पण तो एक प्रश्न उगाच दोनदा विचारणारा नव्हता. दोनदा विचारायची वेळ त्याच्यावर कोणी तरी आणली होती. आणि ते कोण, हे ज्याला माहीत होतं त्याच्याकडे दोनच शब्द शिल्लक होते.

बुधवारी तिने आशेने आणखी एक दार ठोठावलं. पानं करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये नवी सोय आली होती. टीप नसली तर तो स्वतःच अंदाजाने टीप लिहून द्यायचा. तिने चेक टू त्याच्यापुढे ठेवलं. प्रोग्रॅमने क्षणभर विचार केल्यासारखं केलं आणि लिहून दिलं, 'चेक टू : हे फंक्शन दुसऱ्यांदा चेक करते.'

"वा," ती पडद्याला म्हणाली. "आणि तुझं नाव काय? प्रोग्रॅम. तू काय करतोस? प्रोग्रॅमगिरी."

हेडफोनने एक कान उघडला. "अहो, तेच राहू द्या ना. नाही तर 'अत्यंत महत्त्वाचे, काढू नये' असं ठोका. कोण वाचतंय?"

"बेसिकली वाचतो. तो विचारेल, का महत्त्वाचं?"

"मग काही तरी भारी फेका."

फेकावं असं तिला वाटलं. खरंच वाटलं. तिने बोटं कळफलकावर ठेवलीसुद्धा. 'सुरक्षेसाठी आवश्यक.' दोन शब्द. पण एखाद्या दवाखान्यातली कोणी हे वाचणार, विश्वास ठेवणार आणि त्यावर आपलं काही तरी उभं करणार. रिकामं पान निदान खोटं बोलत नाही. तिने ते दोन शब्द पुसले आणि रिकाम्या पानाकडे बघत बसली. बाहेर कोणी तरी वाढदिवसाचा केक कापत होतं, तिला हाक मारत होतं. तिला ऐकू येत होतं, पण उठवत नव्हतं.

ऑफिस सुटल्यावर ती दादाकडे गेली. दोन गल्ल्या ओलांडून, तिसऱ्या मजल्यावर. दादा खिडकीजवळच्या खाटेवर उशांना टेकून बसला होता, अंगात इस्त्रीचा शर्ट. वहिनीचा हट्ट होता तो. माणूस ऑफिसात जात नसला म्हणून काय लेंग्यात ठेवायचा?

टीपताईने कोडचा छापलेला कागद त्याच्यापुढे धरला. "दादा, हे चेक टू. आठवतंय?"

"आहे ना." डोळे चमकले. तिच्या जिवात जीव आला.

"हे नेटवर्कसाठी आहे का? कनेक्शन यायला वेळ लागतो म्हणून?"

"आहे ना."

"की घड्याळासाठी? लाइट गेल्यावर घड्याळ चुकतं म्हणून?"

"आहे ना!"

"की मोटरसाठी?"

"आहे ना, आहे ना."

ती विचारत गेली, तो प्रत्येक प्रश्नाला मान डोलवत गेला. शेवटी तिचा तोल सुटला. "की गाढवासाठी आहे, दादा? की माझ्या डोक्यासाठी?"

"आहे ना," दादा म्हणाला. आणि त्याचं त्यालाच कळलं. त्याचे ओठ जमून आले, काही तरी ढकलायला लागले, मान ताठ झाली, कपाळावर शीर उभी राहिली, आणि इतक्या सगळ्या खटाटोपातून बाहेर काय आलं, तर "आहे... ना." त्याने डाव्या हाताने कागद भिरकावला. तो खाटेखाली गेला. टीपताई वाकून तो काढायला लागली आणि तिथेच, खाटेखाली तोंड घालून, रडली. वर यावंसं वाटेना. तिथे धूळ होती, दादाच्या दोन वेगवेगळ्या चपला होत्या.

"झालं?" वहिनी म्हणाली. ती चहा घेऊन आली होती. "बाहेर या, वन्संबाई. तिथे झाडलेलं नाही."

"वहिनी, मी काहीही विचारलं तरी हा हो म्हणतो."

"म्हणणारच. असं धाडधाड विचारल्यावर."

"मग कसं विचारायचं?"

वहिनी कप घेऊन दादापाशी बसली. "अहो, साखर घालू?"

"आहे ना."

वहिनीने साखर घातली नाही. ती नुसती बसून राहिली. कपातला चमचा तिने फिरवला, खिडकीबाहेर बघितलं, दादाच्या शर्टाची कॉलर सरळ केली. मग जणू आधी काहीच विचारलं नव्हतं अशा आवाजात म्हणाली, "साखर घालू का?"

"आहे ना," दादा म्हणाला, पण या वेळी डाव्या हाताने डबा बाजूला सारला.

"नकोय," वहिनी म्हणाली. "बघितलंत? पहिलं उत्तर धरायचंच नाही. ते आधीच्या कसल्या तरी प्रश्नाचं असतं, यांच्या तोंडात राहून गेलेलं. मला सुरुवातीला कुठे कळत होतं? आठ दिवस यांना गोडमिट्ट चहा पाजला. मग समजलं, एकदा विचारायचं, ते उत्तर सोडून द्यायचं, जरा थांबायचं आणि परत विचारायचं. दुसरं उत्तर यांचं असतं."

टीपताईच्या हातात खाटेखालचा कागद होता. एकदा विचारतं. उत्तर फेकून देतं. थोडा वेळ थांबतं. परत विचारतं.

तिला एकदम दादा दिसला, पडण्याआधीचा, खुर्चीवरून उठून आळसावलेल्या सेन्सरची नक्कल करणारा. डोळे अर्धे मिटलेले, मान लोंबलेली. कोणी तरी हलवून उठवतंय, आणि हा झोपेतच काहीबाही उत्तर देतोय. तेव्हा ती हसली होती. टीप मागितली होती. तो म्हणाला होता, मी आहे ना.

ती खाटेवर बसली. "दादा, जुन्या फ्रीजचा सेन्सर लाइट आल्यावर पहिलं उत्तर जुनंच देतो का? लाइट जायच्या आधीचं?"

"आहे ना."

तिने ते सोडून दिलं. थांबणं किती अवघड असतं! वहिनीने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला, घाई करू नका म्हणून. खाली रस्त्यावर कोणी तरी गाडी मागे घेत होतं, ती गाडी पिप्-पिप् करत होती, ते संपेपर्यंत ती थांबली.

"दादा, पहिलं उत्तर जुनं असतं?"

दादा काही बोललाच नाही. त्याने डाव्या हाताने तिचं मनगट धरलं आणि ते खाटेवर आपटलं, पुन्हा आपटलं, तिला दुखेपर्यंत. आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

पण एका आजारी माणसाने हात आपटला, हे बेसिकलीला कसं सांगणार? ऑफिसच्या चाचण्या सगळ्या नव्या फ्रीजवर होत होत्या. जुने फ्रीज राहिले होते लहान लहान दवाखान्यांत, जिथे लाइटही जास्त जाते आणि जिथून ऑफिसला कोणी फोनही करत नाही. गुरुवारी ती जुना फ्रीज शोधत अख्खं ऑफिस पालथं घालत फिरली. शेवटी तो सापडला स्टोअररूममध्ये. स्टोअरवाले काका त्याचा कपाट म्हणून वापर करत होते.

"हा फ्रीज चालतो का, काका?"

"चालतो की. दार उघडतं, बंद होतं."

"थंड करतो का?"

"थंड कशाला करायचं? आत माझा डबा असतो."

शुक्रवारी सकाळी काकांचा डबा, छत्री आणि स्टेपलरच्या पिनांचे खोके बाहेर निघाले. फ्रीज सुरू झाला तो असा कण्हायला लागला, की टीपताईला वाटलं दादाच खोलीत आहे. दुपारपर्यंत आत चांगलं गार झालं. मग तिने बेसिकलीला आणि हेडफोनला बोलावलं. हेडफोन दोन्ही कान उघडे ठेवून आला, यावरूनच तिला कळलं की तिचा चेहरा कसा झाला असेल.

तिने बटण बंद केलं आणि दार सताड उघडलं. सगळे उभे राहिले. फ्रीजमधल्या भिंतींवरून पाणी ओघळायला लागलं. बेसिकलीने घड्याळ बघितलं. "ताई, बेसिकली आपण एका उघड्या फ्रीजकडे बघतोय."

"थांबा जरा."

आत हात घालून बघितलं तर खोलीइतकंच ऊन. तिने बटण चालू केलं. "विचार," ती हेडफोनला म्हणाली. "चेक टू काढून. एकदाच."

हेडफोनने विचारलं. पडद्यावर उत्तर आलं : चार अंश. सगळं ठीक.

दार उघडं होतं, आतून पाणी टपकत होतं, आणि फ्रीज म्हणत होता चार अंश, सगळं ठीक.

"परत विचार," टीपताई म्हणाली.

उत्तर आलं : सव्वीस. आणि बोंब सुरू झाली, इतकी मोठी, की काका डबा घेऊन बाहेर पळाले.

"मी हे उडवणार होतो," हेडफोन म्हणाला. तो खाली बसला. "ताई, मी हे खरंच उडवणार होतो. फ्रीज 'सगळं ठीक' म्हणाला असता आणि त्यांनी तीच लस..."

बेसिकलीने स्वतः फ्रीजचं दार लावलं, बेसिकली न म्हणता. मग म्हणाला, "हे राहू द्या."

"आणि बाकीची?"

"बाकीची रिकामीच आहेत ना, ताई?"

"मग तशीच राहू द्या."

"सोमवारी त्यांना काय दाखवू? आम्हाला माहीत नाही?"

"हो. तसंच लिहून दाखवा." ती बाहेर दादाच्या टेबलासमोरच्या भिंतीकडे गेली, बेसिकली मागोमाग, आणि तिने आपला कागद ओढला. त्याच्याबरोबर रंगाचा पोपडाही आला. "हा नियम मी भावाला घाबरवायला केला होता, साहेब. तो घाबरला नाही. तुम्ही घाबरलात."

बेसिकलीने कपाळ चोळलं. "महिनाअखेरपर्यंत," तो शेवटी म्हणाला. "त्यानंतर मला वर उत्तर द्यावं लागेल. तोवर जेवढं भरता येईल तेवढं भरा."

तिने जागेवर बसून चेक टूच्या डोक्यावर टीप लिहिली : 'जुन्या फ्रीजचा सेन्सर लाइट आल्यावर पहिलं उत्तर लाइट जाण्याआधीचं देतो. ते धरू नये. थांबून परत विचारावं.' मग पानं करणाऱ्या प्रोग्रॅमची एक सेटिंग बदलली. आता जिथे टीप नाही तिथे पांढरं राहणार नव्हतं, अंदाजही छापला जाणार नव्हता. तिथे येणार होतं, 'हे काय करतं ते अजून कळलेलं नाही. निरुपयोगी आहे असं समजू नये.'

बाकीच्या पानांचा गठ्ठा घेऊन ती दादाकडे गेली. वहिनीने दार उघडलं, तिच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि चहा टाकायला आत गेली.

"वाचलं, दादा. चेक टू वाचलं."

"आहे ना." तो हसला. अर्ध्या तोंडाने, पण पूर्वी हसायचा तसा.

तिने दुसरं पान काढलं. नाव वाचून दाखवलं, खालचा कोड वाचून दाखवला. हे चेक टूपेक्षा लांबलचक होतं, आणि तिला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. "दादा, हे दारासाठी आहे का?"

"आहे ना."

तिने ते सोडलं. थांबली. वहिनीचं आधण उकळलं, गॅस बंद झाला.

"दारासाठी आहे?"

दादाने तिच्याकडे बघितलं, कागदाकडे बघितलं, आणि हळूच मान भिंतीकडे वळवली. हे 'नाही' होतं, की 'आठवत नाही' होतं, की नुसता थकवा, ते तिला समजेना. ती परत थांबली. परत विचारलं. तो भिंतीकडेच बघत राहिला. गठ्ठा मांडीवर जड लागत होता आणि महिना संपायला फार दिवस नव्हते.

तिने पेन काढलं, पानाच्या वर लिहिलं, 'दारासाठी? विचारणं चालू आहे,' आणि गठ्ठा खाटेच्या कडेला ठेवला, त्याच्या डाव्या हाताला लागेल असा.